पेटीचं डोहाळजेवण

उपक्रम या शब्दाचाच मला राग येतो. चांगलं शिकवणं चाललेलं असतं, आणि वरून कुणीतरी कागद पाठवतं की प्रत्येक वर्गाने या सत्रात एक उपक्रम करावा आणि त्याचे फोटो पाठवावेत. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं काय जातंय! दिल्लीतल्या एका छोट्या मराठी शाळेत मी चौथीला शिकवते. मुलं बहुतेक सरकारी नोकरांची. कुणाचे वडील नागपूरकडून आलेले, कुणाचे नांदेडकडून, कुणाची आई इथेच वाढलेली. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी. दरवर्षी मी ओल्या फडक्यात मटकीला मोड आणायची, फोटो काढायची आणि मोकळी व्हायची.

त्या वर्षी मटकी आणायला सांगितली तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, मटकी तर तिसरीत पण केली होती. त्यात काय बघायचं? आपण अंड्यातून पिल्लू काढू या ना."

ही मुलगी म्हणजे वर्गाची न नेमलेली मुख्याध्यापिका. रांग लावणं, फळा पुसणं, रडणाऱ्याला पाणी पाजणं, कुणाचा डबा कुणी संपवला याचा न्याय करणं, सगळं तिच्याकडे. तिचा हात एका जागी कधी राहायचा नाही. मी म्हणाले, "बघू." बाईंनी "बघू" म्हटलं की ते "हो" असतं, असं तिने मधल्या सुट्टीत सगळ्यांना सांगून टाकलं, आणि दुपारपर्यंत शेजारचे वर्गही मला विचारू लागले की पिल्लं कधी येणार. करते काय?

औषधाच्या दुकानातून थर्माकोलची जाड पेटी मिळाली. तापमान राखणारं एक छोटं यंत्र मागवलं. पेटी तापली की ते दिवा विझवतं, गार झाली की पेटवतं. अडलं ते दिव्यापाशी. मला हवा होता जुना, पिवळा, तापणारा बल्ब. पहाडगंजातली दुकानं पालथी घातली. एक दुकानदार तर माझी कीव करायला लागला. "मॅडम, ये अब कौन लेता है? एलईडी ले जाओ, बिल्कुल गरम नहीं होता." गरम होणारच हवा आहे म्हटल्यावर त्याने पोटमाळ्यावर माणूस चढवला आणि धूळ खात पडलेले दोन बल्ब काढून दिले.

दुकानातली अंडी चालत नाहीत. ती कोंबड्याशिवायची असतात, त्यांतून काही निघत नाही. नजफगडच्या पुढे एकजण देशी कोंबड्या पाळतो असं कळलं. त्याने विचारलं, "खाने के लिए या बिठाने के लिए?" बसवण्यासाठी म्हटल्यावर त्याने एकेक अंडं हातात तोलून डझनभर निवडून दिली. ती भुशात घालून, डबा छातीशी धरून मी मेट्रोच्या स्टेशनात शिरले, तर तपासणीवरचा जवान म्हणाला, डबा यंत्रातून जाऊ द्या. मी म्हणाले, अजिबात नाही.

"क्या है इसमें?"

"अंडे."

"तो डालिए ना."

"इनमें बच्चे हैं," मी म्हणाले. मागे रांग तुंबली होती आणि माझा आवाज चढला होता. त्याने झाकण उघडून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि झाकण इतक्या हळुवार लावलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. "जाइए. आराम से."

फेब्रुवारीचा महिना होता. दुपारी ऊन चढायचं, पण रात्री अजून रजई लागायची. वर्गाच्या कोपऱ्यात टेबलावर पेटी ठेवली, आत पाण्याची वाटी आणि भोवती अंडी. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. कोंबडी चोचीने अंडी फिरवत असते, नाहीतर आतला जीव एका बाजूला चिकटून बसतो; ते काम आता मुलांचं. पाळ्या कोणी लावल्या हे सांगायला नकोच. रविवारी मीच येऊन फिरवायची. आल्यासरशी टेबलही पुसायची.

आठवड्याभराने अंडी तपासली. जिन्याखालच्या खोलीत अंधार करून, मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी धरायची आणि नळीच्या तोंडावर अंडं ठेवायचं. तीन अंडी नुसतीच पिवळी उजळली. ती रिकामी निघाली, बाजूला ठेवली. चौथं ठेवलं आणि ते आतून लाल झालं. मेथीच्या मुळांसारख्या बारीक बारीक रक्तवाहिन्या कवचभर पसरलेल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध एक काळा ठिपका डुलत होता. तो डोळा होता.

पंचवीस वर्षं मी हा धडा शिकवला. फळ्यावर रंगीत खडूने चित्रं काढली, बाण काढले, परीक्षेत प्रश्न घातले. पण पिवळा बलक आणि पांढरा बलक, ज्याचं आपण आम्लेट करतो, त्यातून आठवड्यात डोळा तयार होतो, हे मला त्या क्षणापर्यंत खरं वाटलेलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. एरवी चाळीस तोंडांनी बोलणारा माझा वर्ग नळीभोवती दाटला. एकजण हळूच म्हणाला, "बाई, तो आपल्याला बघतोय का?" मी म्हणाले, अजून नाही. तसं सांगताना मला खात्री नव्हती.

त्यानंतर वर्गाचं पेटीशी वागणंच बदललं. टेबलाजवळून जाताना मुलं पाय न वाजवता जायची. आणि मग आमच्या न नेमलेल्या मुख्याध्यापिकेच्या डोक्यातून कल्पना निघाली. नुकतीच ती अकोल्याला मावशीच्या डोहाळजेवणाला जाऊन आली होती.

"बाई, ह्यांचं डोहाळजेवण करायला पाहिजे."

"कुणाचं गं? अंडं घालून झालं. कोंबडी तिकडे नजफगडला."

मागून एक मुलगा म्हणाला, "यार, पोट तर कोंबडीचं असतं."

"आता पेटीचं आहे ना," ती म्हणाली. "ऊब कोण देतंय? पेटी. पोटात कोण ठेवलंय? पेटीने. मग डोहाळे पेटीचे." डोहाळजेवण सातव्या महिन्यात करतात, तर नऊ महिन्यांच्या जागी एकवीस दिवस धरल्यावर सातवा महिना कुठल्या दिवशी येतो, हे गणित त्यांनी स्वतःहून सोडवलं. एरवी भागाकार म्हटला की यांच्या पोटात दुखतं.

मग काय, घराघरांत बातमी गेली आणि आया माझ्यापेक्षा उत्साहाने कामाला लागल्या. दिल्लीत आपलं माणूस जवळ नसतं. कितीतरी जणींची स्वतःची डोहाळजेवणं माहेराविना, फोनवरच झालेली. सोळाव्या दिवशी दुपारी त्या डबे घेऊन आल्या. निशिगंधाच्या कळ्यांचे हार करून थर्माकोलच्या पेटीला बाजूबंद आणि कंबरपट्टा चढवला. त्या मुलीच्या आईने स्वतःची हिरवी साडी आणली होती. "हिच्याच वेळची आहे, बाई," ती लेकीकडे बघत म्हणाली आणि साडी पेटीवरून पांघरून तिच्या निऱ्या टेबलाखाली सोडल्या. हवेची भोकं तेवढी उघडी ठेवा, असं मी बजावलं. सजावट मोडायला नको म्हणून संध्याकाळची अंडी फिरवण्याची पाळी मुलांनी आधीच उरकली होती. चिंच आली, ओटीचा नारळ आला. झाकलेल्या दोन वाट्यांपैकी पेटीच्या वतीने एकीने वाटी उघडली, तर बर्फी निघाली, आणि सगळा वर्ग ओरडला, "कोंबड्या!" दोघी-तिघींनी डोहाळ्याची गाणी म्हटली. मुलांना त्यातले निम्मे शब्द कळले नाहीत, पण ती शेवटच्या ओळीवर नेमकी टाळ्या वाजवत होती. मी इतकी हसले की गाल दुखले. टेबलाभोवती रंगीत दिव्यांची माळ लुकलुकत होती. छान दिसत होती.

ती माळ कुठे लावली आहे, हे माझ्या मनातही आलं नाही. घंटा झाली, आया डबे आवरून गेल्या, मुलं बसकडे पळाली, आणि मला परीक्षेच्या बैठकीला बोलावणं आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडी उचलली. आतला दिवा विझलेला होता. त्याचं काही नाही, तो अधूनमधून विझतोच. पण यंत्रावरचे आकडेही गेले होते. वायर धरत धरत भिंतीपाशी गेले. वर्गात चालू असलेला प्लग एकच, आणि त्यात रंगीत दिव्यांची माळ होती. ती रात्रभर लुकलुकत राहिली होती. पेटीची पिन खाली जमिनीवर पडली होती.

मी झाकण उघडून अंडं हातात घेतलं. ते गार होतं.

मुलं येईपर्यंत मी काय काय बोलायचं ते मनात तयार करून ठेवलं होतं. माझा राग शाळेत प्रसिद्ध आहे. "कुणी काढली पिन?" मी विचारलं तेव्हा आवाज बाहेरच्या नळापर्यंत गेला असणार.

ती उभी राहिली. "मी. दिवे लावायला. गाणी झाल्यावर परत लावणार होते." मग तिने हात पुढे केला, आणि का कोण जाणे, मी ते अंडं तिच्या हातात दिलं. ते हाताला लागलं आणि तिचा चेहरा असा झाला की माझं तयार भाषण तिथेच जिरलं. "मेली का, बाई?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "आधी गरम करू."

पिन लावली. तासाभराने पेटी तापली. एव्हाना वर्गात कुजबुज फिरली होती, "हिने मारली." मी तिला घेऊन जिन्याखालच्या खोलीत गेले. टॉर्च तिने धरला, अंडी मी ठेवत गेले. आता आतली पिल्लं वाढलेली, त्यामुळे अंडं जवळजवळ काळंच दिसायचं. वरच्या टोकाला हवेची पोकळी तेवढी उजळायची आणि तिच्या कडेला सावली हलते का ते पाहायचं. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात सावली हलली, आणि मग कळलं की तिचाच हात थरथरतोय. "टेबलावर टेकव हात," मी म्हणाले. तिने टेकवला. तिसरं, चौथं, नुसता काळोख.

पाचव्या अंड्यात पोकळीची कड आतून ढकलली गेली.

ती पुन्हा ढकलली गेली, झोपेत मूल गोधडीखाली कूस बदलतं ना, तशी. रात्रभर, ऊब नसताना, अंधारात, निशिगंधाच्या हारांखाली ते तिथे टिकून होतं. त्या वयाच्या पिल्लांना अंगची थोडी ऊब असते म्हणतात, आणि जाड थर्माकोल होतं, आणि वर ती साडी. जिने विझलेला दिवा आमच्यापासून लपवला, तिनेच कदाचित ऊब धरून ठेवली. बाकीच्यांचं मला काही सांगता येईना. नऊच्या नऊ परत पेटीत ठेवली.

त्या दिवसापासून ती मुलगी गप्प झाली. पाळी दुसऱ्याला देऊन टाकली, पेटीला हात लावेना. हात पाठीमागे बांधून लांब उभी राहून बघायची. रांगेत गोंधळ झाला तरी बघत राहायची. वर्गाला कुणी मालकच उरला नाही.

तिची आई मला फाटकापाशी भेटली. "बाई, ही नीट जेवत नाही. झोपेत पिन, पिन म्हणते. एक विचारू का? बाजारात पिल्लं मिळतात. आपण सकाळी लवकर येऊन चार-पाच पेटीत ठेवून देऊ. मुलांना काय कळतंय? बिल्कुल कळणार नाही."

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. कुणाचं काय बिघडणार होतं? फोटो आले असते, लेकरू जेवलं असतं. मी घरी जाईपर्यंत त्यावर विचार करत होते. पण त्या मुलीने अंधारात टॉर्च धरला होता. त्या अंड्यातलं तिने माझ्याबरोबर पाहिलं होतं. तिच्यापुढे बाजारातलं पिल्लू ठेवायचं आणि हे तेच म्हणायचं, हे मला जमेना. दुसऱ्या दिवशी मी आईला सांगितलं, "ताई, नको. जे होईल ते तिला खरं कळू दे. मी आहे तिच्याजवळ." ती माझ्यावर रागावूनच गेली. मी तिच्या जागी असते तर मीही रागावले असते.

ठरलेला एकविसावा दिवस आला. शेजारचे वर्ग रांगेने येऊन बघून गेले. काहीच झालं नाही. शेवटची घंटा झाली तेव्हा शाळेच्या खऱ्या मुख्याध्यापिका दारातून म्हणाल्या, "अहो, वास यायच्या आत काढून टाका हं." मी पेटीतल्या वाटीत पाणी भरलं.

दुसऱ्या दिवशी पहिला तास चालू असताना ती मुलगी हात वर न करता उठली आणि सरळ पेटीपाशी गेली. हात पाठीमागेच होते. वाकून तिने हवेच्या भोकाला कान लावला.

"बाई, आवाज."

मी कान लावला. मला पंख्याचा आवाज आला, रस्त्यावरच्या ई-रिक्षाचा आला. "अजून," ती म्हणाली. आणि मग तो आला. कवचाच्या आतून. अजून जन्मालाच न आलेला जीव, चिव, चिव करत होता. आणि शेजारच्या दुसऱ्या अंड्यातून त्याला उत्तर आलं. मी खडू हातात धरून तशीच खाली बसले. माझे डोळे भरून आले ते मी पुसलेही नाहीत. बघू देत मुलांना.

दुपारपर्यंत एका अंड्यावर तांदळाएवढा टवका उडाला. आत चोचीचं टोक दिसायचं, थांबायचं, पुन्हा यायचं. पुढचं सगळं फार सावकाश झालं. पिल्लू दोन ठोके मारायचं आणि इतका वेळ पडून राहायचं की वर्गात कुणीतरी हुंदका द्यायचं. "बाई, थोडं कवच काढू या ना आपण," मुलं विनवत होती. काढायचं नसतं. आतल्या पापुद्र्यात अजून त्याचं रक्त फिरत असतं; घाईने सोललं तर ते मरतं. माझेच हात शिवशिवत होते. मी त्या मुलीकडे पाहिलं. पाठीमागे तिने एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती.

शाळा सुटायच्या थोडं आधी अंडं गोल उकललं आणि ते बाहेर पडलं. ओलं, चिपाड, मान न सावरणारं, अंगाला पोतेऱ्यासारखी चिकटलेली पिसं. माझ्या आयुष्यात मी इतकं कुरूप काही पाहिलेलं नाही आणि माझी नजर त्याच्यावरून हलत नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी ते नुसतं बलक होतं, आणि आता ते धापा टाकत होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलं अशी उभी होती जशी ती प्रार्थनेलाही कधी उभी राहत नाहीत.

दोन दिवसांत चार निघाली. वाळून पिवळी-तपकिरी, गुबगुबीत झाली, बाजरीची कणी टिपू लागली. थोडी मोठी झाली की ती नजफगडला परत जायची होती. उरलेली पाच अंडी मी अंधारात पुन्हा पाहिली. त्यांत काही नव्हतं. मधल्या सुट्टीत ती बाहेर काढून ताटात ठेवली, तेव्हा वर्गात ती आणि मी दोघीच होतो.

"बाई, ही पाच माझ्यामुळे ना?"

तिच्या आईचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. "सगळी नसतील," मी म्हणाले. "कोंबडीखालची सगळी अंडीसुद्धा फुटत नाहीत. पण काही तुझ्यामुळे असतील. कुठली, ते मला सांगता येणार नाही."

तिने मान हलवली. ती रडेल असं मला वाटलं होतं, पण ती पेटीत बघत होती, जिथे चौघं एकमेकांच्या अंगावर चढून झोपली होती.

"मग ही चार? ही पण तेवढीच गार झाली होती. पेटी तीच, रात्र पण तीच. ही कुणामुळे जगली?"

थर्माकोल, साडी, अंगची ऊब, सगळी कारणं माझ्याकडे होती, आणि ती सगळी त्या पाचांनाही होती. "मला माहीत नाही, बाळा," मी म्हणाले. "खरंच माहीत नाही. मला वाटतं कुणालाच माहीत नसेल."

मग मी एक पिल्लू उचललं. "हात पुढे कर."

ती मागे सरकली. मी हलले नाही. बऱ्याच वेळाने तिने पाठीमागचे हात सोडवले, दोन्ही ओंजळीसारखे धरले, आणि मी त्यात ते ठेवलं. ते जरासं चुळबुळलं, तिच्या अंगठ्याला टेकलं आणि त्याने डोळे मिटले. तिने माझ्याकडे पाहिलं.

"बाई," ती म्हणाली, "हे गरम आहे."